तारेची चव

कोलशेतच्या खाडीत मधोमध विजेची होडी तिसऱ्यांदा थांबली आणि दोन्ही काठांवरची माणसं हातातली कामं टाकून बघायला उभी राहिली.

रतन मिठाच्या आगरात होती. कोंडीतलं, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यातलं मीठ लाकडी दांताळ्याने काठाकडे ओढता ओढता तिने मान वर केली. फाल्गुन सरत आला होता. सकाळ नीट संपलीही नव्हती, तरी पांढऱ्या कोंड्यांवरून ऊन असं उसळत होतं की डोळे किलकिले केल्याशिवाय पुढचं दिसत नव्हतं. पण आपला नवरा तिला लगेच ओळखू आला. सबंध खाडीत लाल डगला घातलेला तो एकटाच होता.

धाकूने कळ दाबली. पुन्हा दाबली. मागच्या बाकावरच्या दोघा उतारूंमधून वाकून पाण्यातला पंखा हाताने फिरवून बघितला. मग कोणाकडेही न बघता त्याने फळीखाली दडवलेली वल्ही बाहेर काढली. काठावर हशा पिकला.

तेवढ्यात पलीकडच्या काल्हेरची तर, उतारूंची मोठी होडी, बाजूने आली. तरीवर ती हाकणारा तांडेल तानाजी उभा. हा धाकूचा व्याही. लेक शेवंती त्याच्याच घरी दिलेली. तरीत वीसेक माणसं, चार शेळ्या आणि भाताची पोती.

"ओ याही!" तानाजीने तोंडाशी हात धरून हाक घातली. "तुमच्या इजेला भूक लागली काय? भाकर देव का?"

तरीतली माणसं पोट धरून हसली. धाकू हसला नाही. लाल डगला काखेत काचत होता, त्यामुळे वल्हं पुरतं मागे ओढता येत नव्हतं. होडी खेकड्यासारखी तिरकी तिरकी धक्क्याला लागली.

रतनने दांताळं पुन्हा मिठात घातलं. तिच्या पायांच्या पोटऱ्यांपर्यंत खारं पाणी होतं आणि टाचांच्या भेगांत ते नेहमीसारखं चरचरत होतं. पण आज तिला ते जाणवलं नाही. धक्क्यावर कारकून उत्तमराव छत्री उघडून उभे होते, आणि छत्री अशी तिरकी धरलेली असली की उत्तमराव कोणाला तरी बोलणार, हे सगळ्या आगराला ठाऊक होतं.

ती होडी आगराचे मालक हरिहरशेठ यांची. शेठ ठाण्यात राहायचे. मुंबईचा कोणी साहेब विलायतेला परत जायला निघाला, त्याच्या सामानाचा लिलाव झाला, आणि खुर्च्या घ्यायला गेलेले हरिहरशेठ ही होडी घेऊन आले. तिला ना शीड, ना धूर सोडणारं धुराडं. सुकाणूच्या जागी मागे एक पितळी यंत्र अडकवलेलं, त्याला खाली तीन पात्यांचा पंखा. यंत्र हवं तेव्हा उचलून घरात ठेवावं, हवं तेव्हा होडीला लावावं. होडीच्या पोटात सहा काचेच्या बरण्या, त्यांत नारिंगी पाणी. ते पाणी धोतरावर सांडलं तर धोतराला भोक. बरण्यांत जस्ताच्या पट्ट्या सोडायच्या, कळ दाबायची, की मागचा पंखा गरगर फिरायला लागे. ना कोळसा, ना वल्हं, ना वारा. पहिल्या दिवशी होडी धक्क्यापासून आपोआप निघाली तेव्हा दोघा म्हाताऱ्यांनी हात जोडले होते.

तिचा तांडेल म्हणून धाकूला नेमलं. मिठाच्या होड्या नेऊन नेऊन त्याला खाडीचा तळ हाताच्या रेघांसारखा पाठ होता. होडीबरोबर साहेबाच्या खलाशाचा लाल डगला आला होता, पितळी गुंड्यांचा, लोकरीचा. तोही धाकूच्या अंगावर चढला. आगराच्या मोठ्या बांधावर तांडेलाचं घर होतं, तेही त्याला मिळालं. कुडाचं, पण बांधावर उंच, भरतीचं पाणी न शिरणारं. वीस वर्षं रतन खालच्या झोपडीत दर उधाणाला चूल खाटेवर चढवत आली होती. नव्या घरात आल्यावर पहिले चार दिवस ती उगाचच जमिनीला हात लावून बघायची, कोरडी आहे का म्हणून.

आणि आता होडी थांबत होती.

संध्याकाळी धाकू ओट्यावर बसला. डगला काढून त्याने खुंटीला टांगला नाही, कोपऱ्यात टाकला. रतनने भाकरी वाढली, सुकटाची चटणी वाढली. त्याने तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून बसला.

"उत्तमराव काय बोलला?" तिने विचारलं.

"बोलला, तुझे मिठाचे हात लागून यंतर नासलं. साहेबाकडं दोन वरसं चाललं, तुझ्याकडं दोन महिन्यांत मेलं." धाकूने तुकडा ताटात ठेवला. "चैताच्या पुनवेला शेटानीबाईंना पलीकडं जत्रेला न्यायचंय. तवर चालली तर ठीक. नाय तर गोदीतला खलाशी आननार हायेत. घर बी त्याला."

रतन पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवत म्हणाली, "थांबते ती कशी थांबते?"

"कशी म्हंजे? थांबते."

"म्हंजे दमून थांबते, का एकदम?"

धाकूने तिच्याकडे बघितलं. हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. उत्तमरावांनी विचारलं होतं ते एवढंच, की तू काय केलंस.

"एकदम," तो म्हणाला. "दिवा फुंकावा तशी. आनि मग धक्क्याला आनून बांधली की कळ दाबताच फिरते! चार बामन बघायला उभे करा, फिरते. मी एकलाच नेली तर पार बालकुमच्या टोकापर्यंत जाते. मानसं बसली की मधीच मेली."

"कोन बसलं की?"

"कोन पन."

"कुठं बसलं की?"

आता मात्र धाकू चिडला. "तुना काय करायचंय? तू काय इजेची वैद्य हायेस?"

"नाय," रतन म्हणाली. "पन म्हस दूध देत नाय म्हटल्यावर तिला काय झायलंय ते बगतात, गवळ्याला मारीत नाय. जेव आता."

तो जेवला.

दुसऱ्या दिवशी धाकूनेच जाऊन शेठना सांगितलं, की ठाण्याच्या तारऑफिसातल्या कोणाला बोलवा, विजेचं विजेवाल्याला कळेल. डगल्याच्या गुंड्या लावून, उन्हात कोलशेतपासून ठाण्यापर्यंत चालत गेला. उत्तमरावांना त्याचं हे थेट जाणं आवडलं नाही. पण शेठाणी सुमतीबाई तिथेच भाजी निवडत बसल्या होत्या, त्यांनी मान डोलावली आणि काम झालं.

रविवारी तारमास्तर आले. विश्रामपंत त्यांचं नाव. पन्नाशीचे, डोक्यावर पगडी, गालात पान, आणि बोटांना सतत चाळा; बोलता बोलताही मांडीवर तार ठोकत असल्यासारखी बोटं हलायची. शेठच्या गाडीतून शेठ, सुमतीबाई आणि ते असे तिघे आले. विश्रामपंतांनी होडीत उतरून धोतर वर खोचलं, बरण्यांवर वाकले, आणि लहान मुलाला खेळणं मिळावं तसे हसले.

"वा! काय सुंदर चीज आहे!"

"सुंदर आहे, पण चालत नाही," शेठ वरून म्हणाले.

"चालेल, चालेल. वीज म्हणजे शेठ, पाटाचं पाणी. बरणीतून निघतं, तारेतून जातं, यंत्रात काम करतं आणि दुसऱ्या तारेने घरी परत येतं. पाट कुठे फुटला की शेत कोरडं. आपल्याला फक्त फुटलेली जागा सापडायला हवी."

"तुमच्याकडे काटा असतो ना, वीज दाखवणारा?"

"असतो. पण तो सरकारी. रविवारी बाहेर काढला तर सोमवारी माझी नोकरी बाहेर." विश्रामपंतांनी पान दुसऱ्या गालात घेतलं. "पण आम्ही जुने तारवाले जिभेने बघतो. दोन तारांची टोकं जिभेवर ठेवायची. वीज असली की चव लागते. एकाच बरणीची वीज घ्यायची हं, सहाची घ्याल तर थोबाडीत बसल्यासारखं होईल."

त्यांनी पाच बरण्यांच्या तारा सोडवल्या, यंत्राकडे जाणारी टोकंही सोडवली. एका बरणीच्या दोन तारा घेतल्या, पान थुंकून चूळ भरली आणि टोकं जिभेवर ठेवली. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"अं..." विश्रामपंत म्हणाले. पुन्हा ठेवली. "आहे असं वाटतं. नाही असंही वाटतं." मग ओशाळून हसले. "वीस वर्षं चुना-तंबाखू. जीभ म्हणजे आता नुसतं चामडं राहिलंय. शेठ, तुम्ही बघता?"

शेठ दोन पावलं मागे सरकले. उत्तमराव छत्रीआड झाले.

धाकूने घसा खाकरला. "मास्तर," तो म्हणाला, "आमच्या घरात जीभ हाय."

आगरात कोणाला हे सांगावं लागलं नसतं. कोंडीतलं पाणी पिकलं की नाही, हे रतन बोट बुडवून जिभेवर टेकवून सांगायची. कच्चं पाणी नुसतंच खारट. पिकत आलं की जिभेच्या कडांना चावतं. आणि दोन दिवस जास्त राहिलं तर मागून कडवट येतं, मग ते मीठ कोणी घेत नाही. सगळे आगरी आपापल्या कोंडीवर तिला बोलवायचे, आणि तिने "आज नाय, उद्या" म्हटलं की उद्याच दांताळं घालायचे.

रतन हात पुसत आली. धक्क्याच्या पायरीवर थांबली. गुडघ्यापर्यंत तिच्या पायांवर मिठाचा पांढरा थर वाळला होता.

"ही?" उत्तमरावांची छत्री तिरकी झाली. "मास्तर, भलतंच काय! शेठाणीबाई ज्या होडीत बसून देवीला जायच्या, त्या होडीच्या तारा ही बाई उष्ट्या करणार? त्यापेक्षा मोडकी राहू दे!"

रतनने पायरीवरचा पाय मागे घेतला. उन्हात तिचा चेहरा दिसला नाही, पण धाकूला तिच्या मानेवरची शीर दिसली. डगल्याची वरची गुंडी त्याने चिमटीत धरली, ती तुटून त्याच्या हातात आली.

सुमतीबाई गाडीतून उतरल्या. ठेंगण्या, चांगल्या जाडजूड बाई. उतरताना गाडी त्यांच्या बाजूने कलली आणि मग सुटल्यासारखी वर आली.

"उत्तमराव," त्या म्हणाल्या, "तुमच्या घरी मीठ कुठलं येतं?"

"आपल्याच आगराचं की."

"मग तुम्ही गेली वीस वर्षं हिच्याच जिभेवरचं खाता आहात. अजून काही झालं नाही ना तुम्हाला? ये गं बाई, उतर खाली. पाय नको पुसूस, होडीच आहे ती."

रतन होडीत उतरली. विश्रामपंतांनी दोन तारा तिच्या हातात दिल्या. तिने डोळे मिटले, जीभ थोडी बाहेर काढली आणि टोकं टेकवली.

तिचे डोळे खाडकन उघडले.

"अगं आये!" ती म्हणाली आणि हसायला लागली. "चावतं! आंबट हाय... कच्च्या चिंचेगत नाय... तांब्याच्या भांड्यात ताक राहिल्यागत! आनि मुंग्या!"

"तीच! तीच वीज!" विश्रामपंतांनी मांडीवर थाप मारली. "शाबास. आता दुसरी बरणी."

एकेक करून सहा बरण्या झाल्या. पाच सारख्या, एक थोडी फिकी, असं रतन म्हणाली. विश्रामपंतांनी बघितलं तर तिच्या स्क्रूवर खाऱ्या हवेने हिरवं धरलं होतं. धाकूने चिंचेचा गोळा आणून चोळला, पितळ लखलखलं, चव सारखी झाली. पण होडी थांबते ती एवढ्याने नाही, असं मास्तरांचं मत पडलं. हे फार तर तिला आळशी करील, ठार करणार नाही.

मग पाटाच्या कडेकडेने जावं तसे ते तारेबरोबर निघाले. परतीची तार उत्तम निघाली; तिचं टोक रतनने हाताशीच ठेवलं, दर चवीला ते लागणारच होतं. जाणारी तार बरणीपासून कळीपर्यंत: चव आहे. कळ दाबली, कळीच्या पलीकडे: आहे. कळ सोडली: नाही, दाबली: आहे. रतन दर वेळी टोक जिभेला लावी आणि मुंडी हलवी. पुढे ती तार होडीच्या तळाला खिळ्यांनी मारलेली, मागच्या बाकाखालून यंत्रापर्यंत गेलेली. तिचं यंत्राकडचं टोक रतनने जिभेवर घेतलं.

"हाय," ती म्हणाली.

विश्रामपंतांचं तोंड उतरलं. "इथेही आहे? मग पाट कुठेच फुटलेला नाही. सगळं ठीक आहे."

"म्हणजे यंत्र ठीक, बरण्या ठीक, तारा ठीक," उत्तमराव म्हणाले. "उरला कोण? तांडेल."

ओहोटी लागली होती. धक्क्याखाली चिखल उघडा पडत चालला होता आणि त्यात खुब्यांचे शिंपले टकटक करत होते. धाकूने हातातली गुंडी खिशात टाकली. त्याच्या मनात घरच्या खाटा, मडकी, चूल खाली उतरवणं सुरूही झालं होतं.

रतन मात्र तार जिभेजवळ धरून तशीच बसली होती. "धक्क्याला ती नेहमीच चालते," ती नवऱ्याला म्हणाली. "तूच बोललास. मानसं बसली की मरते. शेटानीबाई, वाईच येता का? इथं माझ्या मागं बसा. या बाकावर."

"मी?" सुमतीबाईंनी इकडेतिकडे बघितलं, पदर खोचला आणि धाकूच्या खांद्याचा आधार घेऊन होडीत आल्या. होडी डुलली. त्या मागच्या बाकावर बसल्या. फळी करकरली आणि खाली वाकली.

रतनने तार जिभेवर ठेवली.

"जेली!" ती ओरडली.

"काय गेली?" सुमतीबाई घाबरून उठल्या.

"आयली!"

"अगं काय आली?"

"बसा! बसा! ... जेली! उठा... आयली! बसा... जेली!"

सुमतीबाई उठत होत्या, बसत होत्या. दर वेळी होडी डुलत होती आणि रतन शंख फुंकल्यासारखी आली-गेली सांगत होती. काठावर आगरातल्या बाया जमल्या होत्या. त्यांच्यातल्या गंगुबाईने पहिल्यांदा तोंडाला पदर लावला, आणि मग कोणालाच आवरेना. सातव्या वेळेला खुद्द सुमतीबाईच बाकावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिल्या. "अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "यंत्रात काही बिघाड नाही. माझ्यातच आहे!"

विश्रामपंत तोवर पालथे पडून बाकाखाली शिरले होते. "तार तर अखंड दिसतेय," आतून त्यांचा आवाज आला. "तारेवरचं रेशीम कुठेही फाटलेलं नाही."

"मास्तर, सरा जरा," धाकू म्हणाला.

त्याने लाल डगला काढून टाकला. उघड्या अंगाने तो बाकाखाली आडवा झाला आणि डोळे मिटून तारेवरून दोन बोटं फिरवायला लागला. दोर असाच बघायचा असतो. वरून धड दिसणारा दोर आत कुजलेला असतो, नेमका उधाणात तुटतो आणि नांगर खाडीला देऊन बसतो. डोळ्याला ते दिसत नाही, बोटांना कळतं. चांगला दोर बोटांना उलटं उत्तर देतो, कुजका गप्प राहतो.

बाकाच्या बरोबर मध्ये, खिळ्याशेजारी, त्याची बोटं थांबली.

"हितं गप हाय," तो म्हणाला.

विश्रामपंतांनी चाकूने रेशीम हळूच चिरलं. आत तांब्याऐवजी हिरवी भुकटी होती. फळी दर वेळी वाकून तार खिळ्याशी दाबत होती. तिथे तार मोडली होती, आणि त्या फटीतून खारं पाणी आत शिरून तिने उरलेलं खाल्लं होतं. दोन टोकं एकमेकांना नुसती टेकून होती. वजन आलं की सुटायची, वजन गेलं की पुन्हा टेकायची.

"साहेब एकटाच फिरत असणार," विश्रामपंत हसून म्हणाले. "सडा माणूस. मागे बसायला कोण होतं त्याच्या?"

मास्तरांनी कुजका तुकडा कापून काढला, जोडतुकडा घालून तांब्याच्या टोकांना पीळ दिला. त्यावर धाकूने मेण लावलेला जाळ्याचा दोरा इतका घट्ट आणि एकसारखा गुंडाळला, की मास्तर बघतच राहिले. वरून राळ वितळवून ओतली. मग तळाचे खिळे उपटून तार फळीपासून दूर, होडीच्या कडेने वर घेतली. हे धाकूचंच म्हणणं: "मानूस बसनार त्याच्याखाली कनाला झोपवायची?"

तारा सगळ्या जागच्या जागी लागल्या. सुमतीबाई मागच्या बाकावर बसल्या. गंगुबाईलाही त्यांनी शेजारी बसवलं, फळी आणखी वाकावी म्हणून. धाकूने कळ दाबली.

पंख्याने पाण्याला फेस आणला.

"उत्तमराव," हरिहरशेठ म्हणाले, "त्या खलाशाला कळवा, येऊ नकोस म्हणून. आणि छत्री मिटा. ऊन उतरलं."

चैत्री पुनवेला होडी निघाली. पुढे शेठ आणि विश्रामपंत, मध्ये उत्तमराव, मागे सुमतीबाई. सुमतीबाईंनी हट्टाने रतनलाही घेतलं. चव बघणारी बरोबर हवी, म्हणाल्या. रतनने लग्नातलं लुगडं काढलं होतं. ती नारळांची टोपली मांडीवर धरून बरण्यांशेजारी अंग चोरून बसली. धाकू डगल्याशिवाय होता. शेठनी विचारलं तेव्हा म्हणाला, "गुंडी तुटलीय," आणि शेठनी पुढे विचारलं नाही.

खाडीच्या मध्यात काल्हेरची तर दिसली, जत्रेच्या माणसांनी ओसंडलेली. तानाजी नेहमीसारखा तोंडाशी हात नेऊन तयार होता. विजेची होडी गुणगुणत त्याच्या शेजारी आली, क्षणभर बरोबरीने चालली आणि पुढे निघाली. तानाजीचा हात तोंडाशीच राहिला. तरीत त्याची सून शेवंती होती, धाकू-रतनची लेक. ती भर तरीत उभी राहिली आणि सासऱ्यासमोर दोन्ही हात वर करून ओरडली, "आये! आये गं!"

"खाली बस, तर बुडल!" तानाजी ओरडला, पण हसत. "याही! शिंगारा तुमच्या होडीला पुढच्या टायमाला, जत्रा तुमचीच हाय!"

जत्रेत सगळं यथासांग झालं. देवीची ओटी भरली, नारळ फुटले, शेवंतीने आईला हाताला धरून बांगड्यांच्या दुकानावर नेलं. विश्रामपंतांनी भेटेल त्याला रतनची जीभ वर्णून सांगितली, इतकी की दोन माणसं तिला घरचं लोणचं चाखवायला घेऊन आली.

परतीला सूर्य नागल्याच्या डोंगरावर टेकला होता. होडी अर्ध्या खाडीत आली आणि तिचं गुणगुणणं खाली उतरायला लागलं. पंखा मंदावला. मग आणखी मंदावला.

"झालं!" उत्तमराव म्हणाले. "पुन्हा मोडलं."

"मोडलं नाय," रतन म्हणाली. चारचौघांत ती उत्तमरावांना उलट पहिल्यांदाच बोलत होती, आणि तिचा आवाज कापला नाही. "मोडली असती तर दिवा फुंकावा तशी जेली असती. ही दमत दमत जेली. बरन्यांतलं पानी संपलं असल." तिने एका बरणीच्या दोन तारा सोडवल्या, टेकवल्या आणि मान हलवली. "चव हाय, पन पार फिकी. घरी जाऊन नवं पानी भरलं की चालल."

"बरोबर!" विश्रामपंत म्हणाले. "अगदी बरोबर. दीड खेपेला पुरलं हेच पुष्कळ."

धाकूने वल्ही काढली, या वेळी फळीखालून लपतछपत नाही. पण ती पाण्यात घालायच्या आधी तो थांबला.

"रतन," तो म्हणाला. "मना बी दाखव की."

"काय?"

"चव."

रतनने दोन तारा त्याच्यापुढे धरल्या. धाकूने जीभ काढली, भीत भीत टेकवली, आणि मिशांसकट त्याचं सगळं तोंड वाकडं झालं. "आयला! फिकी म्हंतेस हिला?"

मग सुमतीबाईंनी चव घेतली आणि टुणकन उडाल्या. मग शेठनी, डोळे गच्च मिटून. उत्तमराव बराच वेळ पाण्याकडे बघत बसले. शेवटी त्यांनीच हात पुढे केला.

"द्या इकडे," ते म्हणाले.

रतनने तारांची टोकं पदराने स्वच्छ पुसली आणि त्यांच्या हातात दिली. उत्तमरावांनी ती जिभेला लावली. त्यांच्या भुवया कपाळात चढल्या. "मुंग्या!" ते म्हणाले, आणि कोणी बघायच्या आत पुन्हा एकदा लावली.

धाकू वल्हवायला लागला. उघड्या अंगाने, हात पुरते मागे ओढून, लांब सावकाश हात मारत. होडी सरळ चालली होती. रतन उठून दुसरं वल्हं घ्यायला गेली, तर तो म्हणाला, "तू बस."

ती बसली. आजवर खाडीवर ती कधी रिकाम्या हाताने बसली नव्हती. टोपली तरी असायची, नाहीतर पोर, नाहीतर वल्हं. हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. थोडा वेळ तिने ते मांडीवर ठेवले. मग एक हात होडीच्या कडेवरून खाली सोडला आणि थंड पाणी बोटांमधून मागे जाऊ दिलं.